ई-मेलमधील मराठी : उकल करणाऱ्या आज्ञावलीचा एक पाठ

समजा, विक्रोळीच्या कन्नमवार नगरातील एका शाळेतून एक विद्यार्थी आपल्या कुटुंबासह सातारा जिल्ह्यातील मूळ गावी परत गेला. गावच्या शाळेत त्याला प्रवेश मिळाला, पण शाळा सोडल्याच्या दाखल्याची पडताळणी व्हावयाची होती. त्यासाठी विक्रोळीच्या मुख्याध्यापकांनी ई-मेल पाठविला. तो गावच्या शाळेत क्षणार्धात पोहोचला; परंतु विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव आणि शाळेचा पत्ता या तिन्ही ठिकाणी केवळ प्रश्नचिन्हांची रांग होती. पत्र मिळाले, पण मजकूर मिळाला नाही. अशा वेळी दोन्ही शाळा परस्परांच्या संगणकाला दोष देतात आणि मुलाच्या प्रवेशाचे काम खोळंबून राहते.

येथे विचारावयाचा खरा प्रश्न असा की, अक्षर नेमके कोठे हरवले? पाठविणाऱ्याच्या संगणकात, वाटेवर की वाचणाऱ्याच्या पडद्यावर? या प्रश्नाचे उत्तर तर्काने देण्याचे कारण नाही. तारेतून जाणारी माहिती टिपून तिचा अर्थ लावणारी साधने उपलब्ध आहेत आणि त्यांसाठी लहानशी आज्ञावली लिहिणे हे महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे. अशी आज्ञावली कशी रचली जाते आणि तिच्या अभ्यासातून मराठी पत्रव्यवहारासंबंधी काय शिकावयास मिळते, याचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्याचा प्रयत्न आहे.

विक्रोळी आणि पवई

विक्रोळीचे नाव गोदरेज कारखान्यांशी निगडित आहे. याच कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. टंकलेखन यंत्रावर कळ दाबली की अक्षर कागदावर उमटे आणि तोच कागद टपालाने जाई. पाठविणारा जे पाही, तेच घेणाराही पाही. ई-मेलच्या बाबतीत असे घडत नाही. तेथे अक्षर जात नाही. अक्षराचा क्रमांक जातो आणि त्या क्रमांकावरून घेणाऱ्याचा संगणक अक्षर नव्याने काढतो.

भारतातील ई-मेलचा आरंभही विक्रोळीच्या शेजारीच झाला. विक्रोळीहून जोगेश्वरीकडे जाणाऱ्या जोडरस्त्यावर पवई येथे १९५८ साली स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. १९८६ साली केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शिक्षण व संशोधन जाळे सुरू केले. त्यात आठ संस्थांचा सहभाग होता. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवईची संस्था या दोहोंमध्ये १९८६-८७ च्या सुमारास दूरध्वनीच्या तारेवरून ई-मेलची देवघेव सुरू झाली. या केंद्राचे प्रमुख डॉ. श्रीनिवासन रमाणी यांना पुढे २०१४ साली ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुली केली.

प्रारंभीच्या त्या देवघेवीत मजकूर रोमन लिपीत असे. देवनागरीला या मार्गावर जागा मिळण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. त्यामागचे कारण ई-मेलच्या नियमांतच आहे.

एका संभाषणाची रीत

ई-मेल पाठविताना दोन संगणक एकमेकांशी ठरलेल्या शब्दांत बोलतात. या बोलण्याच्या नियमावलीला ‘एसएमटीपी’ म्हणतात. जॉन पोस्टेल यांनी ती ऑगस्ट १९८२ मध्ये लेखबद्ध केली व २००८ साली तिची सुधारित आवृत्ती निघाली. एका साध्या पत्राचे संभाषण पुढीलप्रमाणे होते :

सर्व्हर : २२० (सेवा सिद्ध आहे)
प्रेषक : हेलो (स्वतःचे नाव)
सर्व्हर : २५० (ठीक)
प्रेषक : मेल फ्रॉम (पाठविणाऱ्याचा पत्ता)
सर्व्हर : २५० (ठीक)
प्रेषक : आरसीपीटी टू (घेणाऱ्याचा पत्ता)
सर्व्हर : २५० (ठीक)
प्रेषक : डेटा
सर्व्हर : ३५४ (मजकूर सुरू करा)
प्रेषक : पत्राचा मजकूर आणि शेवटच्या ओळीवर केवळ एक टिंब
सर्व्हर : २५० (स्वीकारले)
प्रेषक : क्विट
सर्व्हर : २२१ (संभाषण समाप्त)

शेवटून दुसऱ्या फेरीतील ‘२५०’ या अंकास विशेष महत्त्व आहे. तो देताना सर्व्हर पत्राची जबाबदारी आपल्याकडे घेतो. आवक-जावक नोंदवहीतील पोचेसारखीच ही पोच होय. पत्र वाचले गेले असा मात्र तिचा अर्थ नाही.

विश्लेषक आणि त्याची आज्ञावली

तारेवरून जाणारी माहिती लहान लहान पॅकेटांतून जाते. ती टिपून दाखविणाऱ्या साधनाला जालविश्लेषक म्हणता येईल. यातील सर्वपरिचित साधन ‘वायरशार्क’ हे होय. जेराल्ड कोम्ब्स यांनी ते १९९८ साली ‘इथिरियल’ या नावाने प्रसिद्ध केले; २००६ साली त्याचे नाव बदलले. ते विनामूल्य असून त्याची मूळ आज्ञावलीही सर्वांस खुली आहे. त्याच्या पडद्यावर साधारणतः तीन भाग दिसतात : पॅकेटांची यादी, निवडलेल्या पॅकेटाचा उलगडा आणि त्यातील मूळ बाइट. उलगड्याचा हा मधला भाग तयार करणारी आज्ञावली प्रत्येक नियमावलीसाठी स्वतंत्रपणे लिहिलेली असते.

एसएमटीपीसाठी अशी आज्ञावली वायरशार्कमध्ये मुळातच आहे. तरीही शिकणाऱ्याने ती स्वतः लिहून पाहणे हिताचे आहे. त्यासाठी ‘लुआ’ ही ब्राझीलमध्ये १९९३ साली तयार झालेली छोटी संगणकभाषा वापरता येते. कामाच्या पायऱ्या अशा :

पहिली पायरी ओळख पटविण्याची. सर्व्हरांमधील ई-मेल रूढीने २५ क्रमांकाच्या द्वारावर येते. वापरकर्त्याकडून पत्र स्वीकारण्यासाठी ५८७ हे द्वार ठरलेले आहे. आज्ञावलीने ‘या द्वारावरील पॅकेटे माझ्याकडे द्यावीत’ अशी नोंदणी विश्लेषकाकडे करावयाची असते.

दुसरी पायरी ओळ पूर्ण होईपर्यंत थांबण्याची. एसएमटीपीतील प्रत्येक ओळ १३ व १० या दोन बाइटांनी संपते. परंतु पॅकेट कोठे तुटावे हे ओळीवर अवलंबून नसते. एका पॅकेटात अर्धीच ओळ येऊ शकते, तर दुसऱ्यात तीन आज्ञा एकदम येऊ शकतात. आज्ञावलीला १३ व १० ही जोडी सापडली नाही, तर तिने घाईने अर्थ न लावता ‘आणखी बाइट हवेत’ असे विश्लेषकास कळवावयाचे असते. नवशिक्याच्या आज्ञावलीत सर्वाधिक चुका येथेच होतात. घरच्या चाचणीत पत्रे लहान असल्यामुळे सारे सुरळीत चालते आणि मोठे पत्र येताच उलगडा कोलमडतो.

तिसरी पायरी संभाषणाची स्थिती लक्षात ठेवण्याची. ‘डेटा’ या आज्ञेला ३५४ हे उत्तर मिळाल्यानंतर येणाऱ्या ओळी आज्ञा नसतात. त्या पत्राचा मजकूर असतात. पत्रातच कोणी ‘क्विट’ असा शब्द स्वतंत्र ओळीवर लिहिला, तर स्थिती न जपणारी आज्ञावली संभाषण संपले असे समजेल. म्हणून मनात पुढील क्रम ठेवावा :

स्थिती ‘आज्ञा’ असेल, तर ओळीतील पहिला शब्द आज्ञा म्हणून वाचावा.
‘डेटा’ला ३५४ उत्तर मिळाले, तर स्थिती ‘मजकूर’ करावी.
स्थिती ‘मजकूर’ असून ओळीत केवळ एक टिंब असेल, तर स्थिती पुन्हा ‘आज्ञा’ करावी.
मजकुराची ओळ टिंबाने सुरू होऊन पुढे आणखी काही असेल, तर पहिले टिंब गाळावे.

शेवटच्या नियमाचे कारण मनोरंजक आहे. मजकुरातील एखादी ओळ टिंबानेच सुरू होत असेल, तर ती पत्राची अखेर समजली जाऊ नये म्हणून पाठविणारा संगणक तिच्यापुढे एक जादा टिंब जोडतो. घेणाऱ्याने ते काढून टाकावयाचे असते.

चौथी पायरी ही स्थिती पॅकेटाशी बांधून ठेवण्याची. वायरशार्क पहिल्या फेरीत सर्व पॅकेटे क्रमाने वाचतो. नंतर आपण मधलेच एखादे पॅकेट निवडले की तेवढ्याचीच उकल पुन्हा होते. स्थिती एकाच सामाईक जागी ठेवली असेल, तर दुसऱ्या वेळी ती चुकीची निघते. म्हणून पहिल्या फेरीतच ‘या क्रमांकाच्या पॅकेटाच्या आरंभी स्थिती अमुक होती’ अशी नोंद करून ठेवावी लागते. कार्यालयीन भाषेत सांगावयाचे तर, शेरा ज्या कागदावर आहे त्याच कागदावर तारीखही हवी.

आठ, चोवीस आणि बत्तीस

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९८२ च्या नियमावलीने मजकुराच्या प्रत्येक बाइटातील सातच बिट वापरण्याची मुभा दिली होती. त्यातून मिळतात १२८ चिन्हे. रोमन अक्षरे, अंक व विरामचिन्हे यांना ती पुरतात. देवनागरीचे काय? भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडमध्ये देवनागरीला २३०४ ते २४३१ हे क्रमांक मिळाले. हे क्रमांक बाइटांत मांडण्याची ‘यूटीएफ-८’ ही पद्धत १९९२ साली केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी तयार केली. तिच्यानुसार देवनागरीच्या प्रत्येक खुणेस तीन बाइट लागतात.

‘विक्रोळी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या हिशेबी तो आठ खुणांचा आहे : व, वेलांटी, क, हलन्त, र, ओकार, ळ, दुसरी वेलांटी. त्यांचे क्रमांक अनुक्रमे २३५७, २३६७, २३२५, २३८१, २३५२, २३७९, २३५५ आणि २३६८ आहेत. आठ खुणांचे तीनप्रमाणे २४ बाइट होतात. पैकी ‘व’चे बाइट २२४, १६४ व १८१ हे होत. यांवरून क्रमांक परत काढण्याचे गणित फळ्यावर सहज करता येते. पहिला बाइट २२४ असल्यामुळे त्यातून काही मिळवावयाचे नाही. १६४ मधून १२८ वजा केल्यास ३६ उरतात. त्यांना ६४ ने गुणल्यास २३०४ येतात. १८१ मधून १२८ वजा केल्यास ५३ उरतात. २३०४ अधिक ५३ म्हणजे २३५७. हाच ‘व’.

हे तिन्ही बाइट १२७ हून मोठे असल्यामुळे जुन्या नियमावलीच्या सात बिटांत ते मावत नाहीत. यावर १९९२ साली नॅथनियल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनी ‘माइम’ या मानकाद्वारे मार्ग काढला. त्यातील ‘बेस-६४’ पद्धतीत तीन बाइटांचे २४ बिट घेऊन त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट करतात. प्रत्येक गटाची किंमत ० ते ६३ असते आणि तिच्यासाठी एक निर्धोक चिन्ह ठरलेले असते : २६ मोठी रोमन अक्षरे, २६ लहान, १० अंक, अधिक-चिन्ह व तिरपी रेघ. ‘व’च्या चार गटांच्या किमती ५६, १०, १८ व ५३ येतात आणि त्यांची चिन्हे ‘४’, मोठा ‘के’, मोठा ‘एस’ आणि ‘१’ ही होत. याप्रमाणे ‘विक्रोळी’ या शब्दाचे २४ बाइट ३२ चिन्हांच्या रूपाने प्रवास करतात. देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटांची आणि बेस-६४ चा गटही तीन बाइटांचा, त्यामुळे सलग मराठी शब्दात ‘४-के’ ही जोडी दर चार चिन्हांनी पुन्हा पुन्हा दिसते. शब्दांमध्ये मोकळी जागा आली की एका बाइटाने हा मेळ सरकतो.

या तीन संख्या ध्यानात ठेवल्या की बिघाडाचे निदान बरेच सुकर होते. घेणाऱ्याच्या पडद्यावर ‘विक्रोळी’ऐवजी काय दिसते, ते मोजावे.

३२ रोमन चिन्हे दिसली, तर बेस-६४ ची उकल झालेली नाही. मजकूर पूर्ण शाबूत आहे.

२४ च्या आसपास चमत्कारिक युरोपीय चिन्हे दिसली, तर उकल झाली आहे, परंतु बाइट यूटीएफ-८ चे आहेत हे वाचणाऱ्या संगणकास कळलेले नाही. काही बाइटांना दृश्य चिन्ह नसल्यामुळे संख्या थोडी कमी भरू शकते. मूळ संदेश जपून ठेवला असेल तर मजकूर परत मिळतो.

आठ रिकाम्या चौकटी दिसल्या, तर क्रमांक बरोबर आले आहेत. केवळ टंक उपलब्ध नाही.

आठ प्रश्नचिन्हे दिसली, तर मात्र स्थिती गंभीर होय. एखाद्या आज्ञावलीने आठही खुणा ओळखल्या, पण देवनागरीस स्थान नसलेल्या संचात त्यांचे रूपांतर करताना प्रत्येकीच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवले. प्रश्नचिन्ह बाइटच्या भाषेत ६३ असते आणि मागे कोणते अक्षर होते याची त्यात कसलीही खूण उरत नाही. येथे उत्तमातील उत्तम विश्लेषकही हतबल ठरतो. पत्र नव्याने मागविणे एवढाच उपाय राहतो. प्रश्नचिन्हे २४ असली, तरी तात्पर्य तेच.

हे रूपांतर कोणाच्या बाजूस झाले, हे विश्लेषक सांगू शकतो. पाठविणाऱ्या संगणकातून निघालेल्या पॅकेटांतच ६३ हे बाइट ओळीने दिसले, तर अक्षर निघण्यापूर्वीच हरवले आहे. तेथे २२४ चे बाइट किंवा ‘४-के’ ची जोडी दिसली, तर दोष पुढे कोठेतरी आहे.

आणखी एक प्रकार आपल्या कार्यालयांत आढळतो. जुन्या टंकांत टाइप केलेला मजकूर पाठविणाऱ्याला मराठी दिसतो. प्रत्यक्षात त्याखाली रोमन अक्षरांचेच क्रमांक असतात. तारेवरही रोमन अक्षरेच जातात आणि तो टंक नसलेल्या संगणकावर तशीच उमटतात. वाहतुकीचा यात काहीच दोष नसतो. शासकीय कामकाजात युनिकोडचाच वापर व्हावा असा आग्रह धरण्यामागे हेही एक कारण आहे.

उकल आणि गोपनीयता

बेस-६४ म्हणजे कुलूप नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. वर आपण फळ्यावरील गणिताने त्याची उकल केली. ई-मेलचा परवलीचा शब्दही याच पद्धतीने पाठविण्याची एक रीत आहे. उघड्या तारेवर ती वापरली, तर तो शब्द कोणासही वाचता येतो. म्हणून २००२ च्या मानकात ‘स्टार्ट-टीएलएस’ ही आज्ञा दृढ करण्यात आली. तिला सर्व्हरने २२० असे उत्तर दिल्यानंतर पुढील सर्व संभाषण कूटबद्ध होते. आपल्या आज्ञावलीची पाचवी पायरी हीच : ही आज्ञा व उत्तर दिसताच एसएमटीपीची उकल थांबवावी आणि पुढचे बाइट टीएलएसच्या आज्ञावलीकडे सोपवावेत. तेथून पुढे न वाचता येणे हेच सुरक्षित वाहतुकीचे लक्षण आहे.

मग कूटबद्ध पत्राचा बिघाड कसा शोधावा? बहुतेक ई-मेल सेवांत संदेशाचे मूळ रूप पाहण्याची सोय असते. त्यात बेस-६४ चा मजकूर, अक्षरसंचाचे नाव आणि प्रत्येक सर्व्हरने वर जोडलेली ‘रिसीव्हड’ ही नोंद दिसते. टपालाच्या शिक्क्यांप्रमाणे या नोंदी खालून वर वाचाव्यात. पाठविणाऱ्याच्या ‘पाठविलेले’ या कप्प्यातील प्रत व घेणाऱ्याकडील प्रत शेजारी ठेवून तुलना केल्यास अनेकदा तारेपर्यंत जाण्याची गरजही पडत नाही.

विश्लेषकाचा वापर स्वतःच्या जाळ्यावर अथवा जबाबदार अधिकाऱ्याच्या अनुमतीनेच करावा. अनुमतीवाचून दुसऱ्याच्या संगणकजाळ्यात प्रवेश करणे किंवा त्यातील माहिती उतरवून घेणे, यासंबंधी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये तरतूद आहे. शिक्षकांनी प्रात्यक्षिकासाठी बाहेरच्या जाळ्याशी न जोडलेले दोन संगणक घ्यावेत, त्यांपैकी एकावर चाचणीचा ई-मेल सर्व्हर ठेवावा आणि दोहोंमध्ये काल्पनिक पत्रे पाठवावीत.

आता त्या विद्यार्थ्याच्या पत्राकडे पुन्हा पाहू. गावच्या शिक्षकांनी ‘तुमचा ई-मेल वाचता येत नाही’ एवढेच कळविले, तर विक्रोळीचे मुख्याध्यापक तेच पत्र तसेच पुन्हा पाठवतील आणि पुन्हा प्रश्नचिन्हेच पोहोचतील. त्याऐवजी ‘विक्रोळी या शब्दाच्या जागी आठ प्रश्नचिन्हे आली आहेत, आपल्या पाठविलेल्या प्रतीचे मूळ रूप पाहावे आणि अक्षरसंच यूटीएफ-८ ठेवून पत्र पुन्हा पाठवावे’ असे कळविले, तर दुसऱ्या पत्रात मुलाचे नाव बहुधा पूर्ण येईल. त्यासाठी शिक्षकाने आज्ञावलीकार असण्याची आवश्यकता नाही. आठ, चोवीस आणि बत्तीस मोजता आले म्हणजे पुरे.